पांढरीची माती : जालना जिल्ह्यातील पुनर्वापरक्षम गृहरचनेचा इतिहास

प्रस्तावना

वास्तूचा इतिहास बहुधा टिकून राहिलेल्या वास्तूंच्या आधारे लिहिला जातो. लेणी, मंदिरे, किल्ले, मशिदी आणि दगडी वाडे यांना त्यात स्थान मिळते. जी घरे बांधली गेली, खचली, पुन्हा मातीत मिसळली आणि त्याच मातीतून पुन्हा उभी राहिली, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. मराठवाड्यातील माळवदाची घरे या दुसऱ्या वर्गातील होत. त्यांच्या भिंतींचे आणि छपराचे मुख्य साधन म्हणजे गावाच्या पांढरीवरची माती. ही माती भट्टीत भाजली जात नसे, तिच्यात सिमेंटसारखा कायमचा सांधणारा पदार्थ मिसळला जात नसे. त्यामुळे घर पडले तरी साधनसामग्री नष्ट होत नसे, ती केवळ सुटी होत असे.

अलीकडे जगभरातील वास्तुशास्त्रज्ञ सुट्या कणांपासून अशी रचना उभारता येईल काय, जी काम संपताच मोडून तिचा प्रत्येक कण परत मिळवता येईल, या प्रश्नावर प्रयोग करीत आहेत. या प्रश्नाचे एक जुने, अनुभवसिद्ध उत्तर जालना जिल्ह्याच्या गावठाणांत उपलब्ध आहे. मात्र त्या उत्तराला किंमतही होती. ती किंमत श्रमाच्या रूपाने, जीवितहानीच्या रूपाने आणि खुद्द इतिहासाच्या साधनांच्या हानीच्या रूपाने मोजावी लागली. पांढरीच्या मातीचे हे अभिसरण आणि त्याची किंमत यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

काळी आणि पांढरी

मराठी ग्रामव्यवस्थेच्या परिभाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. पिकाखालची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथामुळे ही विभागणी अभ्यासकांना परिचित झाली. जुन्या कागदपत्रांत 'समस्त पांढरी' हा शब्दप्रयोग गावातील सर्व रहिवाशांसाठी येतो. म्हणजे जमिनीच्या रंगावरून वस्तीला आणि वस्तीवरून समाजाला नाव मिळाले.

हा रंगभेद निव्वळ संकेत नाही. जालना जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे आणि त्यापासून तयार झालेली काळी माती कापसाला उत्तम असली तरी बांधकामाला अत्यंत गैरसोयीची आहे. तिच्यातील चिकण कणांचे प्रमाण मोठे असते, हे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या खोल भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अशा मातीची भिंत पहिल्याच उन्हाळ्यात तडकते.

पांढरीची माती वेगळी असते. शतकानुशतकांच्या वस्तीमुळे तिच्यात चुलीची राख, शेण, काडीकचरा, हाडे, खापरांचा चुरा, चुनखडीचे कण आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळलेली असते. तिचा पोत भुसभुशीत असतो आणि ती वाळल्यावर फारशी आकसत नाही. म्हणजेच ही माती निसर्गाने दिलेली नसून वस्तीने तयार केलेली आहे. गाव जितके जुने तितकी त्याची पांढर उंच आणि तितकी तेथील माती बांधकामास योग्य. माणसाच्या राहण्यातूनच पुढच्या पिढीच्या घराचे साहित्य तयार होत जाणे, हे या व्यवस्थेचे मूळ सूत्र होय.

भोगवर्धनचा ढिगारा

या सूत्राची प्राचीनता पाहण्यासाठी भोकरदनचे उदाहरण पुरेसे आहे. केळणा नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन 'भोगवर्धन'. सांची आणि भरहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत या नगरीतील दात्यांचा निर्देश आढळतो. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी संपादित केलेला अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील समृद्ध वस्ती, मणी, मृण्मय वस्तू आणि हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा भाग यांमुळे हे स्थळ प्रसिद्धी पावले. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी या प्रतिमेचे असलेले साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे.

या वस्तूंकडे लक्ष वेधले गेल्याने त्या ज्या मातीत सापडल्या तिचा विचार मागे पडतो. प्राचीन वस्तीचे टेकाड म्हणजे मुख्यतः पडलेल्या घरांचा ढीग असतो. भिंत पडली की तिची माती सपाट करून त्यावर नवी जमीन चोपली जाते आणि तिच्यावर पुढचे घर उभे राहते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या मातीच्या बुटक्या भिंती आणि चोपलेल्या जमिनी उजेडात आल्या. इनामगावची ही घरे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. घराची माती तेथेच राहून पुढच्या घराचा पाया होणे ही दख्खनमधील अतिशय जुनी रीत आहे.

पांढरीवरून उठून गेलेल्या गावांची गोष्टही हीच आहे. दुष्काळ, रोगराई किंवा स्वाऱ्या यांमुळे ओस पडलेल्या गावाला महसुली भाषेत 'बेचिराग' म्हटले जाई. दिवा न लागणारे गाव असा त्याचा मूळ अर्थ. १६३०-३२ च्या दुष्काळाने दख्खनमधील असंख्य गावे ओस पाडली. अशा गावाचे लाकूड लोक काढून नेत, दगड शेजारच्या गावी जात आणि शेवटी पांढऱ्या मातीचे टेकाड तेवढे उरे. पुढे केव्हातरी वस्ती परत आली, तर हेच टेकाड तिच्या घरांची खाण ठरे.

गावकूस, गढी आणि मातीचे अभिसरण

सतराव्या-अठराव्या शतकांतील अस्थिर परिस्थितीत गावाभोवतीचे कूस आणि देशमुख-पाटलांची गढी ही संरक्षणाची साधने होती. गढीचा खालचा थर दगडी आणि वरचा भाग पांढऱ्या मातीचा, ही मराठवाड्यातील सर्वसामान्य पद्धत. तळाशी रुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या या भिंतींमध्ये मातीचे प्रचंड वस्तुमान साठवलेले असे. सुटी माती आपल्या स्वाभाविक उताराने विसावू पाहते. गढीच्या भिंतीचा कल हा त्या उताराशी केलेला समझोताच होय.

मातीच्या जाड भिंतींचा आणखी एक गुण युद्धशास्त्राला ज्ञात होता. तोफगोळ्याने दगडी भिंतीचे चिरे फुटून उडतात, मातीच्या भिंतीत तो रुतून बसतो. अशा आडोशाचा लढाईवर किती परिणाम होऊ शकतो याची साक्ष जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. आर्थर वेलस्लीच्या सैन्याने ती जिंकली, तरी त्याच्या ७४ व्या पलटणीची आणि आघाडीच्या पहारेकरी तुकडीची जी भयानक हानी झाली ती असई गावाच्या आडोशाने झालेल्या माऱ्यामुळे. या तुकड्या चुकून गावाच्या अगदी जवळ गेल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात लढायांचा काळ संपला आणि गावकुसाचे प्रयोजनही संपले. निजामी राजवटीत गढ्या काही काळ मानाचे स्थान म्हणून टिकल्या. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पाठोपाठ जहागिरी आणि वतने गेली, देशमुखी कुटुंबे शहरांकडे वळली आणि गढ्या खचू लागल्या. यानंतर पांढरीच्या अभिसरणातील एक महत्त्वाची घटना घडली. सत्तेच्या भिंतीत शतकभर अडकून पडलेली माती हळूहळू सामान्यांच्या माळवदावर गेली. ज्या गढीजवळून जाताना पायताण हातात घ्यावे लागे, तिचीच माती पाटीपाटीने गावभर वाटली गेली. मराठवाड्यातील सामाजिक स्थित्यंतराचा हा अलिखित परंतु डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा आहे.

माळवदाची रचना आणि सुट्या कणांचे शास्त्र

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या ढलप्या, त्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा आणि लिंबाच्या पाल्याचा थर, त्यावर कालवलेल्या चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा चोपलेला थर, अशी तिची सर्वसाधारण उतरंड असते. लिंबाच्या पाल्याने वाळवी दूर राहते. प्रकाशासाठी आणि धूर जाण्यासाठी छपराला सवणे ठेवले जाते, पाणी काढून देण्यासाठी पन्हळ बसवली जाते. वार्षिक पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या अवर्षणप्रवण प्रदेशातच असे सपाट मातीचे छप्पर शक्य होते. कोकणात त्याचा विचारही करता येणार नाही.

या छपरातून पाणी का झिरपत नाही, हा प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा आहे. मातीचे कण आकारमानाने भिन्न असतात. ०.००२ मिलिमीटरहून लहान ते चिकण कण, त्याहून मोठे परंतु ०.०७५ मिलिमीटरपेक्षा लहान ते गाळाचे कण, आणि त्यापुढे ४.७५ मिलिमीटरपर्यंत वाळू. माती चोपली की मोठ्या कणांमधील पोकळ्या लहान कणांनी भरतात. कणांमधील किंचित ओलावा केशाकर्षणाने त्यांना परस्परांशी ओढून धरतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच बळावर. पूर्ण कोरडी माती सुटते आणि अति भिजलेली माती वाहते. त्या दोहोंमधील अवस्था टिकवणे हेच मातीच्या बांधकामातील कौशल्य होय.

माळवदाच्या वरच्या थरासाठी खारवट, चोपण माती पसंत केली जाते, तिच्यामागेही कारण आहे. सोडियमयुक्त मातीतील चिकण कण पाण्यात विलग होऊन पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे बुजवतात. पहिल्या सरीनंतर छपरावर एक पातळ, जलरोधक पापुद्रा तयार होतो आणि पुढचे पाणी पन्हळीकडे वाहून जाते. शिवाय अशा मातीत गवत सहसा रुजत नाही. शेतीच्या दृष्टीने जी जमीन नापीक म्हणून टाकाऊ, तीच छपरासाठी गुणकारी ठरते.

दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपली जाई, भिंतींना शेणमातीचा गिलावा दिला जाई. पावसाने वाहून गेलेली माती अंगणात, तेथून गल्लीत साचे आणि कालांतराने पुन्हा छपरावर जाई. घर पाडायचे झाल्यास तुळया आणि कड्या दुसऱ्या घराला वापरल्या जात, माती जागेवरच भिजवून तुडवली जाई. या संपूर्ण चक्रात इंधन लागत नसे. भाजलेली वीट एकदा फुटली की पुन्हा माती होत नाही, कारण भट्टीतील उष्णतेने चिकण कणांची रचनाच बदललेली असते. कच्ची माती मात्र पाण्याने सुटते आणि वाळून पुन्हा धरते. कणांना कायमचे न बांधणे हीच तिच्या पुनर्वापरक्षमतेची अट आहे.

श्रमाची आणि हक्काची बाजू

या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. इंधनाऐवजी येथे श्रम खर्च होत असे आणि तो श्रम समाजात समान वाटला गेलेला नव्हता. माती खणणे आणि वाहणे हे वडार, बेलदार, कुंभार अशा समाजांच्या वाट्याला आलेले काम होते. गाढवाच्या पाठीवरील गोणीतून पांढरी गावभर फिरे. गढ्यांच्या उभारणीत वेठीचा मोठा वाटा होता. सारवण, पोतेरे, भिंतींचा गिलावा ही कामे स्त्रियांची आणि विनामोबदला. मातीचे घर 'स्वस्त' ठरते ते या श्रमाचे मोल हिशेबात धरले जात नाही म्हणून.

हक्काचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. 'समस्त पांढरी' या शब्दात सारे गाव सामावलेले दिसते. पण गावकुसाबाहेरच्या वस्त्या प्रत्यक्षात त्या पांढरीवर नव्हत्या. जुन्या, उंच टेकाडावर सवर्णांचे वाडे आणि सखल, नव्या जमिनीवर बहिष्कृतांची घरे, ही मांडणी अनेक गावांत आजही डोळ्यांना दिसते. उंच जागी पुराचे भय कमी आणि बांधकामाची माती पायाखालीच. सखल जागी दोहोंचा अभाव. साधनसामग्री पुन्हा वापरता येण्याजोगी असणे आणि ती सर्वांना उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मध्यम तीव्रतेच्या भूकंपात इतकी हानी होण्याचे प्रमुख कारण घरांच्या रचनेत होते. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे वाढत गेलेला माळवदाचा भार, असे त्या घरांचे स्वरूप होते.

हा भार किती असतो याचा साधा हिशेब करता येतो. चोपलेल्या मातीचे वजन दर घनमीटरला सुमारे १७०० किलोग्रॅम धरले, तर एक फूट जाडीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोग्रॅमहून अधिक भरते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर साडेपाच टनांहून अधिक माती असते, आणि ती भिजली की भार आणखी वाढतो. दर वर्षी जुना थर न काढता नवा टाकत गेल्याने छपराची जाडी पिढ्यांगणिक वाढते. म्हणजे पुनर्वापराच्या चक्रातील अर्धा भाग, अर्थात जुनी माती उतरवण्याचा, टाळला गेला आणि केवळ भर घालण्याचा भाग चालू राहिला. जे चक्र फिरते तेव्हा सुरक्षित, ते थांबले की प्राणघातक ठरते, हा किल्लारीचा एक अर्थ आहे.

याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने मातीच्या इमारतींची भूकंपरोधक क्षमता वाढविण्यासंबंधी आयएस १३८२७ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. हलके छप्पर, भिंतींना सलग बांधणारा पट्टा, मर्यादित उंची आणि कोपऱ्यांचे बळकटीकरण यांनी मातीचे घर पुष्कळ सुरक्षित करता येते. परंतु लोकमानसाने घेतलेला निष्कर्ष वेगळा होता. भूकंपक्षेत्रापासून दूर असलेल्या जालना जिल्ह्यातही 'माळवद म्हणजे मरण आणि स्लॅब म्हणजे सुरक्षितता' हे समीकरण रुजले. ज्यांनी दूरदर्शनवर ढिगारे पाहिले होते त्यांच्याकडून निराळ्या निर्णयाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

पक्के, कच्चे आणि वाळू

या बदलाला शासकीय परिभाषेनेही बळ दिले. १९८५ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांचे उद्दिष्ट 'पक्के' घर हे आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत कच्च्या भिंतींची आणि कच्च्या छपराची एकच खोली असणे हा वंचिततेचा निकष मानला गेला. गरिबांना निवारा देण्याच्या दृष्टीने हा निकष समजण्यासारखा आहे. तथापि मातीला पुनर्वापरयोग्य ठेवणारा जो गुण, म्हणजे तिचे 'कच्चे' असणे, तोच दारिद्र्याची खूण ठरला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

पक्क्या घराला वाळू, सिमेंट आणि सळई लागते. जालना शहर सळईनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. येथील कारखान्यांत भंगार लोखंड विद्युत भट्ट्यांत वितळवून त्यापासून सळया काढल्या जातात. म्हणजे पुनर्वापर येथेही आहेच. पण त्यासाठी सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमान आणि अखंड वीज लागते, तर पांढरीला पाणी आणि पाय पुरत. वाळूचे तसे नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या पात्रांतून काढलेली वाळू एकदा काँक्रीटमध्ये गेली की ती वाळू म्हणून पात्रात परत येत नाही. नदीपात्रातून गौण खनिजे काढण्यास पर्यावरणीय परवानगी आवश्यक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आणि बांधकाम व पाडकाम यांच्या कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले. ज्या प्रदेशाच्या पारंपरिक वास्तूत 'पाडकामाचा कचरा' ही कल्पनाच नव्हती, तेथे आता ती कायद्याची बाब झाली आहे.

सुट्या कणांची नवी वास्तू

याच सुमारास पाश्चात्त्य विद्यापीठांत सुट्या कणांकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. फ्रेंच अभियंता आँरी व्हिदाल याने १९६० च्या दशकात मातीच्या भरावात धातूच्या पट्ट्या घालून 'प्रबलित माती'चे तंत्र विकसित केले. आज उड्डाणपुलांच्या पोहोचमार्गांच्या भिंती बहुधा याच तत्त्वावर उभ्या असतात. २०१५ साली शिकागो येथील पहिल्या वास्तुकला द्वैवार्षिकीत झुरिकच्या ईटीएच संस्थेतील ग्रामाझिओ-कोलर संशोधनगट आणि अमेरिकेतील एमआयटीची सेल्फ-असेंब्ली प्रयोगशाळा यांनी 'रॉक प्रिंट' ही रचना मांडली. तीत केवळ खडी आणि दोरी होती. खडीच्या थरांमध्ये यंत्रमानवाने दोरीची वेटोळी घातली, खडी परस्परांत अडकून घट्ट झाली आणि स्तंभाप्रमाणे उभी राहिली. दोरी ओढून काढली की उरते ती पुन्हा सुटी खडी. जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठात आखिम मेंगेस आणि कारोला डीरिख्स यांनी एकमेकांत गुंतणाऱ्या, मुद्दाम घडविलेल्या कणांच्या ढिगातून मंडप उभारण्याचे प्रयोग केले.

या प्रयोगांचे तत्त्व पांढरीच्या भिंतीला अपरिचित नाही. खडीतील दोरी जे काम करते तेच चिखलातील भुसा आणि काडी करते. कणांना न चिकटवता अडकवून ठेवणे हे दोहोंचे सूत्र आहे. फरक आहे तो कालावधीचा आणि समाजाचा. शिकागोची रचना प्रदर्शनापुरती होती. पांढरीवर मात्र माणसे जन्मली, नांदली आणि मेली. म्हणूनच कण परत मिळतात काय, एवढ्यावर प्रयोग संपत नाही. ढिगावर हक्क कोणाचा, तो वाहणार कोण आणि तो कोसळला तर खाली कोण असेल, हे प्रश्न जालन्याच्या अनुभवातून नव्या वास्तुशास्त्रापुढे येतात.

ढीग की दस्तऐवज?

आणखी एक किंमत आहे आणि ती इतिहासाला थेट भिडणारी आहे. पांढरीची माती खणणे म्हणजे प्राचीन वस्तीचे थर खणणे. ही माती जशी छपरासाठी तशीच शेतात खत म्हणूनही वापरली गेली, कारण जुन्या वस्तीच्या मातीत नत्र आणि स्फुरद यांचा साठा असतो. इजिप्तमध्येही प्राचीन मातीविटांचा चुरा खत म्हणून खणला जाई आणि १८८७ साली असे खणताना एका स्थानिक स्त्रीला अमार्ना येथील प्रसिद्ध मृत्तिकापत्रे सापडली, असे सांगितले जाते. मातीच्या पुनर्वापराने कधी इतिहास उजेडात येतो, पण त्याहून अधिक वेळा तो विस्कटतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा टेकाडांवर मिळणाऱ्या वस्तू चिकाटीने जमविल्या, म्हणून त्या वाचल्या आणि तेथे शासकीय संग्रहालय उभे राहिले. मात्र वस्तू वाचली तरी ती कोणत्या थरातील होती ही माहिती कायमची जाते.

१९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे आणि अवशेष अधिनियमाने घोषित स्थळांना संरक्षण मिळाले. परंतु बहुसंख्य गावांची पांढर घोषित स्थळ नाही. ती लोकांच्या घराखालची जमीन आहे. पारंपरिक वापरात निदान एक संयम होता. पाटीने खणलेली माती गावातच राही आणि खणण्याचा वेग माणसाच्या बळाइतकाच असे. यंत्राने एका दिवसात गढी सपाट होते आणि तिची माती ट्रॅक्टरमधून भरावासाठी किंवा वीटभट्टीसाठी गावाबाहेर जाते. भट्टीत गेलेली पांढरी परत माती होत नाही आणि तिच्यातील थर वाचण्याची शक्यताही तेथेच संपते. साधनसामग्री आणि दस्तऐवज या दोन्ही नात्यांनी ती एकाच वेळी नाहीशी होते.

निष्कर्ष

जालना जिल्ह्यातील पांढरीच्या मातीचा इतिहास तीन गोष्टी दर्शवितो. पहिली, वास्तूची पुनर्वापरक्षमता केवळ पदार्थाचा गुणधर्म नसून ती एक सामाजिक व्यवस्था असते. हंगामी श्रम, मातीवरील हक्क आणि देखभालीची रीत यांवर ती उभी असते. दुसरी, ही व्यवस्था निर्दोष नव्हती. तिच्यात जातीची उतरंड होती, स्त्रियांचा न मोजलेला श्रम होता आणि किल्लारीने दाखवून दिलेला धोका होता. म्हणून माळवदाकडे परत चला असे म्हणण्याचा अधिकार, स्लॅबखाली निर्धास्त झोपणाऱ्याला सहजासहजी प्राप्त होत नाही. तिसरी, हलके छप्पर आणि बळकट सांधे यांची जोड दिल्यास न भाजलेल्या मातीच्या भिंतीचा विचार आजही करता येण्यासारखा आहे आणि त्यासाठी लागणारे ज्ञान गावातील वृद्ध कारागिरांकडे व स्त्रियांकडे अद्याप शिल्लक आहे.

या ज्ञानाची नोंद करणे हे ग्रामीण महाविद्यालयांना सहज शक्य असलेले काम आहे. गढी सपाट होण्यापूर्वी तिच्या उघड्या पडलेल्या छेदाचे मोजमाप आणि छायाचित्र घेणे, मातीचे नमुने कणांच्या आकारमानानुसार तपासणे, छपराच्या थरांची नावे आणि कामाची वाटणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने लिहून घेणे, यांसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. पांढरीची माती पुन्हा पुन्हा वापरता येते. तिच्यातील थरांचा क्रम मात्र एकदाच वाचता येतो, आणि त्या वाचनासाठी उरलेला अवधी दर उन्हाळ्यागणिक कमी होत आहे.